नथीकडचा गाल

डावीकडून

"डावा गाल जरा उतरलाय, वहिनी," अण्णा निमसोडकर म्हणाले आणि चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.

आम्ही त्यांच्या पेढीच्या मागच्या खोलीत बसलो होतो. समोर तिजोरी, वर कुरकुरणारा पंखा. कोपऱ्यात अण्णांची बायको, सरोजकाकी, दागिन्यांच्या रिकाम्या डब्यांना आतून मखमल चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उतरलाय म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सैल पडल्यासारखा. इथं नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत घडी येते ना," अण्णांनी स्वतःच्या नाकाशेजारी बोटानं रेघ ओढून दाखवली, "ती दिसायला लागलीय. वय आहे, त्यात तुमचा काय दोष. पण होर्डिंगवर चेहरा केवढा मोठा होतो. तिथं घडी म्हणजे खंदकच की."

मी हसले. अण्णा हसले नाहीत.

"दिवाळीच्या फोटोला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "माझ्या पुण्याच्या भाचीनं कायसं करून घेतलं. कापाकापी नाही, टाके नाहीत. कातडी आवळून येते म्हणे. बघा तुम्हाला काही जमतं का. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर बघू."

काकींनी कात्री खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

कराडात त्या काळी मला विजयमाला शिंगटे म्हणून ओळखणारी माणसं थोडीच होती. नथवाली म्हटलं की शेंबडं पोरही सांगायचं. कोल्हापूर नाक्यावर, जिथं बसगाड्या वळताना वेग कमी करतात, तिथं निमसोडकर सराफांचा फलक होता, आणि त्यावर मी. डावा गाल लोकांकडे, नजर खाली, नाकात मोत्यांची नथ. खाली चार शब्द: नथ म्हणावी निमसोडकरांचीच. वीसेक वर्षं दर दिवाळीला फोटो नवा, बाई तीच.

फोटो काढायचे माझे यजमान, जयकर. जयकर फोटो स्टुडिओ, दत्त चौकाच्या अलीकडे. अण्णांना पहिल्यापासून नटी नको होती, गावातली बाई हवी होती. जयकर घरी आले आणि म्हणाले, चल, तोंड धू. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, म्हणून फोटो डावीकडून. पण ते तेवढ्यावर थांबायचे नाहीत. म्हणायचे, डावीकडून तू कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी दिसतेस, उजवीकडून नुसतीच बसलेली दिसतेस.

जयकर गेल्याला तेव्हा सहा-सात महिने झाले होते. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसले. त्यांनी काढलेला शेवटचा फोटो नाक्यावर होता आणि दिवाळीला तो उतरायचा होता. पुढचा चढेल तो माझा असेल की नसेल, एवढाच प्रश्न. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम होतं. मूलबाळ नव्हतं. ते काम असं गालाच्या घडीपायी बंद पडावं हे मला सोसवेना.

पेढीतून निघाले ती थेट आरशापुढे बसले. घडी होती. आजवर मला ती दिसलीच कशी नाही याचाच राग आला.


उजवीकडून

"म्हणजे आमच्या मालीच्या तोंडावर तुमचा सामना लावायचा म्हणा की," हौसावन्स म्हणाल्या.

हौसावन्स माझ्या नणंदबाई. जयकरांहून मोठ्या, तोंडानं फटकळ. नवरा गेल्यावर माहेरी आल्या त्या माझ्या लग्नाच्याही आधी. मला एकटीला त्यांनी कुठंच जाऊ दिलं नाही, तर कातडीच्या डॉक्टरकडे कशा जाऊ देतील. त्या खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या.

डॉक्टर केतकी आगटे तिशीची मुलगी होती. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर तिनं नवा दवाखाना थाटला होता. तिच्याकडे दोन यंत्रं होती, दोन कंपन्यांनी वापरून बघायला दिलेली. एक ठेवायचं, एक परत करायचं. कुठलं ठेवावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

"सामनाच, आजी," ती म्हणाली. "दोन बायकांवर दोन यंत्रं लावली तर खरं कळत नाही. एकीचं वय वेगळं, एकीनं उन्हात काम केलेलं. एकाच चेहऱ्याच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, असं केलं की तुलना खरी होते. मालाताईंनी हो म्हटलं तर मी त्यांच्याकडून काही घेणार नाही."

"आजी कुणाला म्हणतीस? डाय लावलाय मी." वन्सनी यंत्रांकडे हनुवटी केली. "काय करत्यात ही?"

"हे रेडिओ लहरींचं. कातडीच्या आतल्या थराला ऊब देतं, आणि थर हळूहळू घट्ट होतो. थोड्या थोड्या दिवसांनी चार-पाचदा यायचं. दुखत नाही. आणि हे ध्वनिलहरींचं. सोनोग्राफीत असतात तशाच, पण इथं त्या एका ठिपक्यावर एकवटतात. जास्त खोल जातात. एकदाच करायचं, पण दुखतं. आणि दिसायला तीन महिने लागतात."

"आणि ते लेझर? पेपरात येतं ते."

"ते वरच्या पोताला. डाग, बारीक रेषा. सैलपणाला ते तितकं लागू नाही."

"यातलं जास्त चांगलं कुठलं?" मी विचारलं.

"तेच तर मला बघायचंय."

"तसं नाही डॉक्टर. माझा डावा गाल कामाचा आहे."

ती पुण्याहून आलेली. तिला काही कळेना. वन्सनी तिला खिडकीशी नेलं. तिथून नाका दिसत नव्हता, तरी हातानं दिशा दाखवत त्यांनी सगळं सांगितलं: होर्डिंग, नथ, अण्णा, घडी. डॉक्टरनं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"ताई, एक आधीच सांगते. दोन्हींनी फरक थोडाच पडतो. ऑपरेशनसारखा नाही. शेजारणीला ओळखू येईल असाही नाही."

"मग कुणाला ओळखू येईल?"

"मला. आधीचे नंतरचे फोटो शेजारी ठेवून."

"होर्डिंगवर?"

तिनं खांदे उडवले. "होर्डिंगचा मला अनुभव नाही."

घर गाठून दार लावून घ्यायला हवं होतं. पण अण्णांचं ते ‘नाहीतर’ कानात होतं. डाव्या गालाला कुठलं, हे डॉक्टरनं मलाच ठरवायला सांगितलं. जास्त दुखतं ते जास्त लागू पडत असणार, असा मी विचार केला. आमच्याकडे कडू काढा आणि झोंबणारं मलम यांच्यावरच विश्वास. डाव्याला ध्वनी, उजव्याला ऊब.

"दागिने काढून ठेवा," डॉक्टर म्हणाली, आणि निळ्या पडद्यापुढे उभं करून आधीचे फोटो घेतले. मी सवयीनं डावा गाल पुढे केला आणि नजर खाली केली.

"मान सरळ ठेवा ताई. हा तसला फोटो नाही."


पुन्हा डावीकडून

गार जेली लावली. मग जबड्याच्या हाडावरून तो दांडा फिरू लागला. दांडा म्हणतेय, तिनं काही वेगळं नाव सांगितलं होतं. दर ठिकाणी थांबायचा, टक् असा आवाज व्हायचा, आणि दाताच्या मुळाशी कुणी जाड सुईनं टाका घातल्यासारखं व्हायचं. वन्स माझा हात धरून बसल्या होत्या.

"दुखतंय?"

"हं."

"दुखू दे. गुण येतोय."

त्या दिवशी घरी गेल्यावर गाल लाल झाला होता आणि स्पर्श केला की दुखायचा. मला त्याचं समाधान वाटत होतं.


उजवीकडे सांगण्यासारखं काही झालं नाही

वाटी गरम करून शेकावं तसं वाटलं. मला डुलकी लागली.


सूप

तुलना घरीही सुरू झाली. रोज सकाळी चहा झाला की वन्स मला परसदारी उजेडात बसवायच्या आणि माझ्या नाकासमोर सूप उभं धरायच्या. म्हणजे अर्धं तोंड सुपाआड. आधी एक बाजू निरखायच्या, मग सूप फिरवून दुसरी.

"उजवी आवळलीय गं."

"आणि डावी?"

"डावी हाय तशीच."

"नीट बघा की वन्स."

"बघून आवळतीय व्हय ती?"

महिना झाला, दीड महिना झाला. उजवा गाल, ज्याला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, तो तुकतुकीत दिसू लागला. ज्याचा फोटो निघायचा, ज्यानं सगळे टाके सोसले, तो ढिम्म. मी दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, ते गरम यंत्र डाव्यालाही लावा."

"नाही लावता येणार."

"का?"

"मग तुलना कसली राहिली? तीन महिने म्हटलं होतं मी. आणि उजव्याला आत्ता जे दिसतंय त्यातली निम्मी सूज असेल, ती उतरेल."

"मला तुलना नकोय. मला गाल हवाय."

डॉक्टरला वाईट वाटलं हे दिसत होतं. पण ती हलली नाही. मी जिना उतरताना खालच्या दुकानातल्या टायरच्या ढिगाला लाथ मारली. टायरला काही झालं नाही, माझी चप्पल तुटली. वन्स मागून येत होत्या. त्यांनी काही न बोलता आपली पिन काढून दिली.

मध्ये एकदा अण्णा भाजी मंडईत भेटले. मी मुद्दाम डावी बाजू त्यांच्याकडे केली. त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील.

"गालाचं ठीक आहे," ते म्हणाले. "मान जरा... नाही का?"

"मानेचं तुम्ही काही बोलला नव्हता अण्णा."

"तसं नाही हो. सगळं मिळून दिसतं ना फोटोत." आणि त्यांनी घाईनं गवारीच्या ढिगात हात घातला.

मी मानेला तेल चोळू लागले. तोंड फुगवायचे, ओठ आवळायचे, जीभ टाळूला लावायचे व्यायाम करू लागले. दारातून दूधवाला बघून गेला. गणपतीत अण्णांकडे आरतीला गेले तर ते म्हणाले, डोळ्यांखालीही थोडं काळवंडलंय. काकी प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर मोदक ठेवला, जरा जास्तच वेळ हात तसाच धरला, आणि आत निघून गेल्या.

घरी येऊन मी वन्सना म्हटलं, "एक जागा नीट केली की हा माणूस दुसरी काढतो."

वन्स वाती वळत होत्या. "सोन्याचा पारखी हाय तो," म्हणाल्या. "डाग सापडस्तवर बघतो."

"पण डाग कुठला ते तरी एकदा ठरवावं ना."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुन्हा कापूस ओढला.


खालून वर

फोटोच्या दिवशी मी पेढीच्या वरच्या मजल्यावर गेले तेव्हा इरफान मुजावर दिवे लावत होता. इरफान जयकरांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, तरी मला पाहिलं की अजून खुर्ची पुसून द्यायचा.

"या वहिनी. पडदा तोच आणलाय. सरांचा."

सरांचा पडदा म्हणजे जयकरांनी शिवून घेतलेलं मातकट रंगाचं कापड. मी त्यावर बोटं फिरवली. मग हिरवी पैठणी सारखी करून, डावा गाल कॅमेऱ्याकडे ठेवून बसले. इरफाननं कॅमेऱ्यातून बघितलं, दिवा एक वीत मागे घेतला, पुन्हा बघितलं.

"काय केलंय वहिनी? छान दिसताय."

"खरं सांग."

"खरंच. जबड्याची रेघ बघा कशी आलीय. सर असते तर म्हणाले असते, आज दिवा कमी लागेल."

मला रडूच यायला लागलं होतं. तीन महिने होत आले होते. डॉक्टर खरं बोलली होती, उशिरा का होईना डावा गाल आवळून आला होता. वन्स भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं नाक पुसलं.

तेवढ्यात अण्णा आणि काकी वर आले. काकींच्या हातात दागिन्यांची ताटं होती. अण्णांनी ती एकेक करून टेबलावर मांडली. पाटल्या. तोडे. गोठ. पिछोड्या. मी बघत राहिले. सगळं हातातलं होतं.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "यंदा एक वेगळी कल्पना आहे. नुसते हात. तुमचे हात फार चांगले आहेत. चेहरा नाहीच घ्यायचा. हात असे मांडीवर, आणि वर पाटल्यांची जोडी."

"चेहरा आवळून आलाय अण्णा. इरफानला विचारा."

"आलाय ना. चांगलाच आलाय. पण कसं आहे, थोडं अजून... पुण्याला ते दोऱ्याचं काहीतरी करतात म्हणे, कातडीत दोरा ओवून ओढून घेतात. पुढच्या वर्षी ते करून बघू. तोवर हात."

मी ताटं पुन्हा एकदा पाहिली. वीस वर्षांत या टेबलावर एक डबी न चुकता असायची, लाल मखमलीची. काकीच स्वतःच्या हातानं माझ्या नाकात नथ घालायच्या आणि म्हणायच्या, श्वास धर माले, चाप घट्ट आहे.

"नथ कुठाय?" मी विचारलं.

इरफाननं दिवा उगाचच बंद केला.

"नथीचा फोटो कुणाचा आहे मग?"

"कोल्हापूरची एक मुलगी आहे," अण्णा म्हणाले. "उद्या येतेय. तुमच्या गालाचं नक्की होईना म्हणून आम्ही आपलं..."

"पुरे झालं आता," काकी म्हणाल्या.

त्या अण्णांना म्हणाल्या की मला, ते आधी कळलं नाही. मग त्या माझ्याजवळ आल्या.

"माले, गालाचं काही नाही गं. कधीच नव्हतं. वैशाखात एक बाई मुलीच्या लग्नाची नथ घ्यायला आली होती. हातात घेतलेली नथ खाली ठेवली आणि म्हणाली, त्या फोटोतल्या बाईचा नवरा गेलाय ना? मग मुलीला कशी घालू? उठून गेली. मागून आणखी दोघी तसंच बोलल्या. लग्नाचा माल आहे बाई. लोकांच्या मनात येतं."

"वैशाखात," मी म्हटलं.

"हो."

"आणि मला गालाचं कधी सांगितलं?"

"त्यानंतरच," काकी म्हणाल्या.

अण्णा ताटातल्या पाटल्या उगाच सारख्या करत होते. वाईट माणूस नव्हता तो. जयकर गेले तेव्हा सगळ्यात आधी धावत आला होता, खांदा दिला होता. त्याला ही एक गोष्ट बोलता येत नव्हती.

"तोंडावर कसं सांगायचं, वहिनी?" ते हळूच म्हणाले. "जीभ रेटेना."

"म्हणून तोंडालाच नावं ठेवलीत."

त्यांनी मान खाली घातली. मी उठले. माझ्या दाताच्या मुळांशी ते सगळे टाके पुन्हा एकदा टोचले, एकेक करून, हाडावरून. मी अण्णांना आणखी पुष्कळ बोलू शकले असते. मनात तयारही होतं. पण त्या माणसाकडून मला काही ऐकायचंच उरलं नव्हतं, मग बोलून काय करायचं.

इरफान म्हणाला, "वहिनी, मी उद्याचं काम घेत नाही."

"घे," मी म्हटलं. "पडदा तेवढा घरी आणून दे."


घरात

घरी आल्यावर पायसुद्धा न धुता वन्स आतल्या खोलीत गेल्या. लोखंडी कपाटाचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं," मी दारातूनच म्हटलं.

"अंदाज हुता." त्या पाठमोऱ्याच होत्या. "मला कुणी शिकवायचं? मी एकतिसाव्या वर्षी नथ काढून आईच्या हातात दिली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच काढली. कुणी सांगायच्या आत काढलेली बरी, असं वाटलं."

"मग मला का नाही बोलला? त्या यंत्राखाली माझा हात धरून बसलात."

"बोलून काय सांगू? तुझा गालच ढिला हाय, असं तुला वाटत हुतं, ते बरं हुतं. गालाला विलाज हाय."

त्या वळल्या. हातात कापसाची पुडी होती. आत नथ होती, जुन्या घडणीची, मोती पिवळट पडलेले, मधल्या लाल खड्याला चीर गेलेली.

"आईची. आईनं मला दिली हुती, मी तिला परत दिली, तिनं कपाटात टाकली. आता तू घाल."

"वन्स, लोक..."

"भाऊ माझा गेलाय," त्या म्हणाल्या. "नाक तुझं जिथल्या तिथं हाय."

चाप गंजल्यासारखा झाला होता. त्यांनी खोबरेल तेलाचं बोट लावलं, श्वास धर म्हणाल्या, आणि नथ घातली. आरसा आणायला मात्र दोघींपैकी कुणीच उठलं नाही.


समोरून

दुसऱ्या दिवशी डॉक्टर केतकीकडे शेवटच्या फोटोला बोलावलं होतं. नंतरचा फोटो. मी नऊवारी नेसून, नथ घालून गेले. वन्स बरोबर. नाक्यावरून रिक्षा गेली तेव्हा फलकावरून जुना फोटो निम्मा उतरवून झाला होता. हनुवटी आणि चार शब्द तेवढे खाली लोंबत होते. वन्सनी रिक्षावाल्याला, हळू घे, असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

डॉक्टरनं मला निळ्या पडद्यापुढे उभं केलं.

"वा. आज काय आहे? पण ताई, नथ काढावी लागेल."

"का?"

"आधीच्या फोटोत दागिना नाही ना. आणि ही नेमकी घडीवरच येतेय." तिनं बोट हवेत धरून माझ्या नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत रेघ ओढली, अगदी अण्णांनी ओढली होती तशी. "मोत्यांखाली सगळी झाकली जातेय. मला जी जागा बघायचीय तीच दिसत नाही."

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले.

वीस वर्षं दर दिवाळीला नाक्यावर माझा गाल उभा होता आणि त्या जागेवर नथ होती. तिथं घडी आहे की नाही, हे कराडात कुणालाही दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून तर मलाही कधी दिसली नव्हती. अण्णांना ती दिसली, कारण पेढीच्या मागच्या खोलीत चहा पुढे सरकवताना त्यांनी माझ्या नाकातली नथ मनातल्या मनात आधीच काढून ठेवली होती.

"ताई?" डॉक्टर म्हणाली. "काढताय ना?"

"नाही."

"मग डाव्या यंत्राचं मला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"अहो, तीन महिन्यांची मेहनत आहे. तुमचीच."

"काढ फोटो, पोरी," वन्स म्हणाल्या. "ती न्हाई काढायची."

डॉक्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वन्सकडे. तिला सगळं कळलं असेल असं नाही. पण तिनं कॅमेरा उचलला. मी डावा गाल पुढे केला, नजर खाली केली. या वेळी मान सरळ ठेवा असं ती म्हणाली नाही.

तिनं पुढे ते उबेचं यंत्र ठेवलं, टाक्यांचं परत पाठवलं. उजव्या गालावरून ठरवलं म्हणाली, डाव्याचं शेवटपर्यंत समजलंच नाही. कंपनीच्या माणसाला ती काय म्हणाली असेल कुणास ठाऊक. माझा तो फोटो मात्र तिनं मोठा करून दवाखान्यात, बायका जिथं नंबर लावून बसतात तिथं, भिंतीला लावला. मला विचारून लावला.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. वन्स नाहीत. दोन्ही गाल एकसारखे उतरलेत, आता सुपाची गरज नाही. नाक्यावर कोल्हापूरची मुलगी गेली, दुसरी आली, तिसरी आली. मागच्या महिन्यात पायावरचं गजकर्ण दाखवायला मी केतकीकडे गेले. बाकावर एक बाई लेकीला घेऊन बसली होती. लेकीचं लग्न ठरलेलं असावं, हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. ती बाई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग फोटोतली ती मीच हे न ओळखता तिनं माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "अहो, ही नथ कुठली असेल हो? अशी घडण आता कुठं मिळत नाही. हिच्यासाठी बघत होतो."

"घरची आहे," मी म्हटलं.